बातमी, छायाचित्र आणि हातातला मोबाइल

पत्रकारिता आणि छायाचित्रण शिकवणारे शिक्षक, शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांची बरीच पत्रे अलीकडे या सदराकडे आली आहेत. सिंहस्थाची तयारी सुरू असल्यामुळे असेल, पण त्यांतील बहुतेक नाशिक शहर आणि जिल्ह्यातील आहेत. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात पत्रकारितेचा पदविका वर्ग चालतो. छायाचित्रणाच्या तासाला विद्यार्थी तीस आणि कॅमेरे दोन, तेही जुने. मोबाइल मात्र प्रत्येकाकडे आहे. व्यवस्थापनाकडे नवीन कॅमेऱ्यांची मागणी करावी, की मोबाइलवरच शिकवावे? मुले तासाभरात दोनशे फोटो काढतात आणि त्यांतला छापण्याजोगा एकही निघत नाही.
— एक प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मागणी जरूर करा, पण ती मंजूर होईपर्यंत अभ्यासक्रम थांबवण्याचे कारण नाही. शटरचा वेग, भिंगाचे छिद्र आणि आयएसओ (म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे याचे माप) यांचा परस्परसंबंध समजण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती काही तास तरी असा कॅमेरा असावा लागतो, ज्यात हे तिन्ही हाताने बदलता येतात. त्यासाठी आपले दोन जुने कॅमेरे पुरेसे आहेत. चार-चार जणांचे गट करून वाहत्या रस्त्यावरच्या रिक्षा एकदा एका सेकंदाच्या पंधराव्या भागाने आणि एकदा हजाराव्या भागाने टिपायला लावल्या, की पाठ्यपुस्तकातील दोन प्रकरणे एका दुपारी उरकतात. उरलेले काम मोबाइलवर होऊ शकते.

मोबाइलवर शिकवताना एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगावी लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. आजच्या मोबाइलचे बटण दाबल्यावर सहसा एकच चित्र टिपले जात नाही. क्षणार्धात अनेक चित्रे टिपली जातात आणि त्यांतला उजेड, सावली व बारकावे जुळवून यंत्र आपल्यापुढे एक तयार चित्र ठेवते. रात्रीच्या छायाचित्रणात ही जुळवाजुळव अधिक असते. गोदाघाटावरच्या सायंआरतीचा फोटो त्यामुळे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसला त्याहून उजळ येतो आणि हलणाऱ्या हातातील दिवे कधी पुसट, तर कधी दुहेरी उमटतात. विद्यार्थ्याने हे वापरू नये असे नव्हे. चित्रातील कोणता निर्णय आपला आणि कोणता यंत्राचा, हे त्याला सांगता आले पाहिजे. आरती सुरू होण्याआधी आकाशात किती उजेड होता, हे वहीत लिहून ठेवण्याची सवय यासाठीच लावायची.

आता दोनशे फोटोंविषयी. जुन्या छायाचित्रकारांच्या रोलमध्ये छत्तीस चित्रे असत आणि प्रत्येकाला पैसे पडत, म्हणून ते जपून वापरले जाई. ती टंचाई परत आणता येणार नाही, पण कृत्रिम बंधन घालता येते. एका गृहपाठाला बारा चित्रांची मर्यादा ठेवा, त्यांतील एकच निवडून सादर करायला सांगा आणि त्यासोबत फोटोओळ सक्तीची करा. ओळीत कोण, कुठे, केव्हा आणि काय करत आहे, एवढे आले पाहिजे. माणसांची नावे त्यांना विचारून, ती कशी लिहायची हे दाखवून घेतलेली असली पाहिजेत. निम्मे गुण चित्राला आणि निम्मे ओळीला द्या. महिनाभरात आपल्याला दिसेल की ओळीसाठी नाव विचारायला गेलेला विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याच्याकडे पहिल्यापेक्षा चांगले चित्रही असते, कारण तोवर समोरच्या माणसाने त्याच्याकडे पाहून घेतलेले असते आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागलेला असतो.

दुसरा गृहपाठ वर्षभराचा असावा. नाशिक जिल्ह्यात यासाठी द्राक्षबागेइतका सोयीचा विषय नाही. एप्रिलची खरड छाटणी महाविद्यालयीन वर्षाच्या कडेला पडते, पण ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतरची फुटीची विरळणी, फवारण्या, अवकाळी पावसाची धास्ती आणि जानेवारीपासूनची काढणी हे सारे वर्षात नेमके बसते. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील एकच बाग, एकच कुटुंब आणि महिन्यातून एक फेरी, एवढे पुरेसे आहे. नाशिकला अशा चिकाटीचा वारसाही आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आणण्याआधी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपून तिचा लघुपट तयार केला होता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. विद्यार्थ्यांची सहल तेथे जातेच, तेव्हा हा वाटाण्याचा प्रयोगही त्यांना सांगावा. पुतळ्यासमोर काढलेल्या सेल्फीपेक्षा तो त्यांच्या अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : खोटे किंवा जुने फोटो ओळखण्यास विद्यार्थ्यांना कसे शिकवावे? मी दोन व्याख्याने दिली, पण मुले माना डोलावतात आणि संध्याकाळी तेच फोटो पुढे पाठवतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रेही येऊ लागली आहेत.
— एक अध्यापक, पंचवटी, नाशिक

उत्तर : व्याख्यानाने हे येत नाही, हा आपला अनुभव बरोबर आहे. ते हाताने करून शिकावे लागते, आणि आपण पंचवटीत राहता, म्हणजे प्रयोगशाळा आपल्या दारातच आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर पुराचे मोजमाप गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून करतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की गळ्याशी आले, यावर शहराची काळजी कमी-जास्त होते. दर वर्षी त्याच दिवसांत ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरांचे फोटो ‘आत्ताचे’ म्हणून फिरू लागतात. असे दहा फोटो गोळा करा. त्यांत काही जुने, काही यंदाचे आणि एखादा दुसऱ्याच शहराचा असू द्या. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला ते वाटा आणि फोटो कधीचा हे कसे ठरवले, ते पायरीपायरीने लिहायला सांगा.

पहिली पायरी जागेची. फोटो कोठे उभे राहून काढला आहे? चौकटीत होळकर पूल दिसतो की गाडगे महाराज पूल? विद्यार्थ्याने त्या जागी स्वतः जाऊन उभे राहावे. घाटावर गेल्या काही वर्षांत बरीच कामे झाली आहेत, त्यामुळे पायऱ्या, कठडे आणि दिव्यांचे खांब बारकाईने पाहिले तर फोटोचा काळ पुष्कळदा उघड होतो. फलकांचा उपयोग त्याहून मोठा असतो, कारण निवडणुकीचा, वाढदिवसाचा किंवा चित्रपटाचा फलक आपली तारीख सोबत घेऊनच उभा असतो. दुसरी पायरी आकड्यांची. त्या दिवशी त्या वेळी धरणातून किती क्युसेक पाणी सोडले जात होते, हे जलसंपदा विभागाकडून जाहीर होते. विसर्ग किरकोळ असताना मारुतीच्या छातीला पाणी लागलेले दिसत असेल तर फोटो त्या दिवसाचा नाही, किंवा मधल्या नाल्यांचे आणि शहरातील पावसाचे पाणी त्यात मिळाले आहे. ही दुसरी शक्यता विद्यार्थ्याला सुचली, तर तो बातमीदार होण्याच्या वाटेवर आहे असे समजावे.

तिसरी पायरी संगणकाची. गुगल लेन्स किंवा टिनआय यांवर चित्र टाकून शोधल्यास ते आधी कोठे प्रसिद्ध झाले आहे, हे पुष्कळदा सापडते. मात्र काही सापडले नाही म्हणजे चित्र नवे आहे, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात, आणि तो त्यांना काढू देऊ नये. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि कधी कधी ठिकाण यांची नोंद असते. ती पाहायला शिकवा, पण ती बदलता येते हेही सांगा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला तर ही नोंद निघून जाते आणि चित्रही दाबले जाते. म्हणून पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. ती मागितल्यावर समोरचा टाळाटाळ करू लागला, तर त्यातूनही पुष्कळ कळते.

चौथी पायरी सर्वांत जुनी आणि मुलांना सर्वांत अवघड वाटणारी आहे : फोन करणे. हा फोटो तुम्ही काढला का? नसेल तर कोणी पाठवला? त्यांचा क्रमांक मिळेल का? आत्ता घाटाजवळ राहणारे कोणी ओळखीचे आहे का? ज्या पिढीला संदेश पाठवणे सोपे आणि बोलणे जड जाते, तिला या फोनांचा सराव वर्गातच, सर्वांसमोर करून घ्यावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांबाबत वेगळे तंत्र शिकवण्याच्या मोहात फार पडू नये. सहा बोटांचा हात, वेडीवाकडी अक्षरे, दोन दिशांना पडलेल्या सावल्या या खुणा दाखवाव्यात, परंतु त्या झपाट्याने कमी होत आहेत आणि केवळ त्यांच्यावर विसंबणारा विद्यार्थी लवकरच फसेल. चित्र कृत्रिम आहे का, हे टक्केवारीत सांगणारी साधनेही पुराव्याचे काम करू शकत नाहीत. कॅमेरा आणि संपादनाची साधने बनवणाऱ्या काही कंपन्या आता चित्राच्या उगमाची आणि त्यात झालेल्या बदलांची नोंद फाइलमध्येच ठेवू लागल्या आहेत. ही चांगली सुरुवात आहे, पण समाजमाध्यमांवर चढवताना ती नोंद अनेकदा गळून पडते. तेव्हा ज्या चित्राचा काढणारा माणूस सापडत नाही, ते छापायचे नाही, हा जुना नियमच येथेही लागू करावा.

गुण देताना एक काळजी घ्या. ‘ठरवता येत नाही’ हे उत्तर कारणांसह लिहिणाऱ्या जोडीला पूर्ण गुण द्या. अंदाजाने बरोबर तारीख सांगणाऱ्याला ते देऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गाच्या कामासाठी ती रामकुंडावर फोटो काढत असताना काही लोकांनी तिला हटकले आणि मोबाइल हिसकावण्यापर्यंत वेळ आली. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढणे गुन्हा आहे का? अशा ठिकाणी मुलींना पाठवणे योग्य आहे का?
— एक पालक, सिन्नर

उत्तर : सार्वजनिक ठिकाणी फोटो काढणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही, आणि मोबाइल हिसकावण्याचा अधिकार कोणालाही नाही. काही अपवाद मात्र विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितले पाहिजेत. नाशिक परिसरात देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमानतळ व विमान कारखाना आणि नाशिकरोडचे नोटा व मुद्रांकांचे छापखाने आहेत. प्रतिबंधित ठिकाणांना १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो, आणि तेथे ‘मी विद्यार्थी आहे’ हे उत्तर चालत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार मनाई आहे. अशा गुन्ह्यातील बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम २३ आणि बाल न्याय कायद्यातील तरतुदीही लागू होतात. ओळख म्हणजे केवळ नाव आणि चेहरा नव्हे. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश आणि शेजाऱ्याची मुलाखत यांवरूनही गावाला ओळख पटते.

पण रामकुंडाचा प्रश्न कायद्यापुरता नाही. तेथे एकाच वेळी स्नान करणारे भाविक असतात, ओल्या वस्त्रांतील स्त्रिया असतात आणि काही पावलांवर अस्थिविसर्जन किंवा दशक्रिया विधीसाठी आलेले, नुकतेच माणूस गमावलेले कुटुंब असते. त्यांतील कोणीही छायाचित्राला उभे राहण्यासाठी तेथे आलेले नसते. आपल्या मुलीला तिच्या शिक्षकांनी कामावर पाठवण्याआधी एवढे सांगायला हवे होते : स्नान करणाऱ्या स्त्रियांवर कॅमेरा रोखायचा नाही, शोकात असलेल्या कुटुंबाकडे कॅमेरा पिशवीत ठेवून जायचे आणि विचारायचे, आणि नकार आला तर वाद न घालता निघून यायचे. तीर्थोपाध्याय, फुलवाले, नावाडी, सफाई कामगार अशी रोज तेथे काम करणारी माणसे आहेत. पहिल्या भेटीत कॅमेरा न काढता त्यांच्याशी बोलून आलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या भेटीत कोणी हटकत नाही, उलट हटकणाऱ्याला तेच समजावतात.

मुलीला पाठवावे का, याचे उत्तर निःसंशय हो असे आहे. तिला एकटीला पाठवू नये, हे मात्र मुलग्यांनाही लागू आहे. दोघांनी जावे, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचे पत्र जवळ असावे आणि काम संपल्यावर शिक्षकांना कळवावे. सिंहस्थाच्या पर्वणीला तर नवख्या विद्यार्थ्यांना दाट गर्दीत पाठवूच नये. २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी या शहराने पाहिलेली आहे. पर्वणीच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे शहर, म्हणजे पाणीपुरवठा, मुक्कामाच्या जागा, कचरा, हरवलेल्यांची मदतकेंद्रे, हा विद्यार्थ्यांसाठी अधिक सुरक्षित आणि बातमीच्या दृष्टीने अधिक सकस विषय आहे.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या बातम्यांत आकडे हमखास चुकतात. कांद्याचा भाव आणि मोर्चाची गर्दी ही नेहमीची उदाहरणे. यासाठी गणिताचा वेगळा तास ठेवावा का?
— एक निवृत्त उपसंपादक, लासलगाव

उत्तर : वेगळा तास नको, त्याच तासात गणित आणावे. लासलगावच्या बाजार समितीत भाव क्विंटलमागे किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही जाहीर होतात, हे आपल्याला सांगायला नको. विद्यार्थी कमाल भाव मथळ्यात घालतो आणि वाचणाऱ्या शहरी ग्राहकाला वाटते की प्रत्येक शेतकऱ्याला तोच मिळाला, प्रत्यक्षात तो निवडक मालाच्या मोजक्या वाहनांना मिळालेला असतो. बातमीत सरासरी भाव, आवक आणि माल लाल आहे की उन्हाळ, या तीन गोष्टी नसतील तर ती परत पाठवावी. फोटोओळीलाही हाच नियम लावावा, कारण ‘कांद्याला उच्चांकी भाव’ या ओळीवर भरगच्च ट्रॉलीचा जुना फोटो लावणे ही वर्तमानपत्रांची फार दिवसांची खोड आहे.

गर्दीचा हिशेब तर पाचवीच्या गणिताचा आहे. जागेचे क्षेत्रफळ काढायचे आणि दर चौरस मीटरला किती माणसे आहेत ते पाहायचे. सैल गर्दीत साधारण एक, दाट गर्दीत दोन ते अडीच आणि अंगाला अंग लागलेल्या गर्दीत चार धरतात. दहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर पाचशे मीटरपर्यंत दाट मोर्चा असेल, तर पाच हजार चौरस मीटरला अडीचने गुणून साडेबारा हजार माणसे होतात. आयोजकांनी लाख सांगितली असतील तर बातमीत ‘आयोजकांच्या दाव्यानुसार’ असे लिहावे आणि पुढच्याच वाक्यात आपला हिशेब द्यावा. मोर्चा सरकत असेल तर एका ठिकाणाहून जाणाऱ्या रांगा मिनिटागणिक मोजाव्या लागतात, आणि येथे वरून काढलेला फोटो शोभेसाठी न राहता मोजमापाचे साधन होतो.

प्रश्न : मला वृत्तछायाचित्रकार व्हायचे आहे. नोकरी मिळेल का? शिवाय एआय वापरून बातमी लिहिली तर चालते का? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले आहेत.
— एक विद्यार्थी, मालेगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण उतरवून घेण्यासाठी किंवा लांबलचक अहवालातील मुद्दे शोधण्यासाठी ही साधने वापरा, मात्र प्रत्येक नाव, आकडा आणि अवतरण मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहा, कारण आडनावे आणि गावांची नावे त्यात सहज बिघडतात. जे कोणी बोललेच नाही ते अवतरणात येता कामा नये. फोटोत उजेड आणि रंग माफक दुरुस्त करणे व कडा कापणे चालते, पण काही घालणे किंवा पुसणे चालत नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तर २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांकडून रॉ फाइलवरून (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या, नंतर संगणकावर घडवता येणाऱ्या फाइलवरून) तयार केलेली चित्रे घेणे थांबवले आणि कॅमेऱ्यानेच तयार चित्र म्हणून साठवलेली मूळ जेपेग फाइलच मागितली.

आता नोकरी. केवळ छायाचित्रकार म्हणून असलेली पदे वर्तमानपत्रांत कमी झाली आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला फोटो काढता येतो, त्याची ओळ लिहिता येते, चारशे शब्दांची शुद्ध बातमी देता येते आणि दोन मिनिटांची चित्रफीत जोडता येते, त्याला मालेगावात बसूनही काम मिळते. यंत्रमाग, त्यांवर राबणारे कामगार आणि गिरणा नदीचे पाणी हे विषय आपल्या दारात आहेत, आणि बाहेरून दोन दिवसांसाठी येणाऱ्या छायाचित्रकाराला ते आपल्याइतके कधीच कळणार नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांत बहुतेकांचा चरितार्थ लग्नसमारंभांवर चालतो, त्यात कमीपणा मानू नये. पण हक्कांचे भान ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. मात्र कोणी मोबदला देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो ग्राहक ठरतो. म्हणजे लग्नातील सुंदर फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तशी परवानगी आगाऊ लेखी घेतलेली बरी. वर्तमानपत्रात नोकरीस असताना काढलेल्या फोटोंचा वृत्तपत्रीय प्रकाशनापुरता हक्क, करार वेगळा नसल्यास, मालकाकडे जातो. स्वतंत्रपणे काम करत असाल तर हक्क लेखी कराराशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.

म्हणून मूळ फाइली कधीही पुसू नका. काम संपलेल्या रात्रीच तारीख, गाव आणि विषय यांनुसार नावे देऊन त्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यांतील एक दुसऱ्या घरी असू द्या, आणि कोणत्याही कार्यालयात फोटो पाठवताना ओळीच्या शेवटी आपले नाव स्वतःच टंकलिखित करून पाठवा.